बाहेरचा दिवा

साळुबाईच्या ओसरीवर मीटरशेजारी ती पांढरी पेटी बसली, ती सुदर्शनच्या हौसेपायी. साबणाच्या वडीहून थोडी मोठी, वर काचेची एक पट्टी. घरात वीज कमी जळत असली की पट्टी हिरवी, बेताची जळत असली की पिवळी, आणि उधळपट्टी चालली की लालभडक. साळुबाईचा हा एकुलता एक मुलगा पुण्यात अशाच पेट्या बनवणाऱ्या कंपनीत होता. आपण किती वीज खातो हे माणसाला डोळ्यांनी दिसलं की तो आपण होऊन हात आखडता घेतो, असं त्या कंपनीचं म्हणणं. साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं, आधी आपापल्या घरी लावा, मग जगाला सांगा. म्हणून एक पेटी सुदर्शनच्या फ्लॅटमध्ये लागली आणि दुसरी इथं, नारायणगावपासून आत, कालव्याकडेच्या वस्तीवर, आईच्या घरी.

पेटीत सिमकार्ड होतं. इकडं पट्टीचा रंग बदलला की तिकडं सुदर्शनच्या फोनवर तोच रंग उमटायचा. पेटी मेन स्विचच्या अलीकडं, थेट मीटरला जोडलेली. घरातलं सगळं बंद केलंस तरी हिचं काम चालूच राहणार, असं तो पेटीच्या पाठीवर थाप मारत कौतुकानं सांगत होता. मग त्यानं कोळशाचं सांगितलं, वाढत्या उन्हाचं सांगितलं, तिचा नातू शौर्य मोठा होईपर्यंत पाण्याचं काय होईल तेही सांगितलं. साळुबाई मान हलवत होती. पोराच्या डोळ्यांखाली काळं आलंय, एवढं तिला दिसत होतं. ज्या बाईनं उभ्या जन्मात रिकाम्या खोलीत दिवा जळू दिला नाही, तिला वीज वाचवायला शिकवायचं, हे धाडस शिकलेला पोरगाच करू जाणे. पण तो बोलतोय, आपल्या ओसरीवर बसून बोलतोय, एवढ्यावर ती खूश होती. तिनं मासवड्या केल्या होत्या. त्या त्यानं उभ्या उभ्या खाल्ल्या आणि दुपारच्या आत गाडी काढली. त्याच्या बायकोची, स्नेहलची, ड्युटी होती, शौर्यचा क्लास होता.

एका गोष्टीवरून मात्र मायलेकांचं वाजलं. अंगणातल्या खांबावरचा दिवा रात्रभर जळतो, तो बंद ठेव, असं सुदर्शनचं म्हणणं. साळुबाईनं साफ नाही म्हणून सांगितलं. चारी बाजूंनी ऊस, उसात बिबट्याची ये-जा. दिवेलागणीला वस्तीवरच्या प्रत्येक घरानं बाहेरचा दिवा लावायचा, हा इथला अलिखित कायदा. घर बंद करून कुठं लग्नाला जायचं झालं तर शेजारणीला सांगून जायचं, म्हणजे ती येऊन लावते. अंधार पडला की बाया एकेक घर बघून घेतात. अमक्याचा लागला, तमक्याचा लागला, मग आपल्या चुलीपुढं बसतात. शेवटी सुदर्शननं जुना बल्ब काढून कमी वीज खाणारा लावला आणि तो विषय मिटला. त्या दिव्यानं पट्टीचा रंग काही बदलायचा नाही, हे त्यानं स्वतःच लावून दाखवलं.

साळुबाईचा नवरा सोपान जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं. शेत वाट्यानं दिलेलं. एक गाय, एक कालवड आणि परसातली वांगी-मिरची, एवढंच काम उरलं होतं. तरी दुपार कलली की तिला डोंगर चढून आल्यासारखा थकवा यायचा. दिवसभरात तोंडातून जे काही शब्द निघत, ते गायीशीच. संध्याकाळी भाकरी थापायचा कंटाळा येई म्हणून सकाळचीच उरलेली दुधात कुस्करून खाई. मुलगा रविवारी फोन करायचा, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो. आपण होऊन फोन लावायचं तिनं सोडून दिलं होतं. दोन-चारदा लावला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता, नंतर करतो म्हणाला, आणि ते नंतर काही आलं नाही. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता.

मग एका मंगळवारी कालवडीनं दावं तोडलं.

साळुबाईनं अंघोळीला बादलीत रॉड टाकला होता. तेवढ्यात कालवड शेपटी वर करून उसात घुसली. तिच्यामागं ही काठी घेऊन. आवाज देत, शिव्या देत, पाचटानं पोटऱ्या कापून घेत तिनं कालवडीला कशीबशी कालव्याच्या कडेनं वळवून आणली. दारात येते तर न्हाणीघरातून वाफांचे लोट, पट्टी लालभडक आणि फडताळात फोन वाजून वाजून थकलेला.

सुदर्शन घाबरला होता. इतका वेळ लाल कसं, शॉक बसला की काय, त्याच्या मनात नाही नाही ते आलं होतं. साळुबाईनं कालवडीची हकीकत सांगितली. तो हसला. खूप दिवसांनी तिनं त्याचं हसणं ऐकलं. मग तो ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बराच वेळ बोलला. कालवड केवढी झाली, परसात काय लावलंय, गुडघ्याचं तेल संपलं का. हिकडं लई गोड वांगी धरलीत, ती म्हणाली. आता आलो की भरीत कर, तो म्हणाला. शेवटी रॉडवरून त्यानं दोन शब्द सुनावले, ते तिनं प्रसादासारखे घेतले. त्या दिवशी तिनं ताजी भाकरी थापली आणि रात्री तिला झोपही लागली.

पुढचा सगळा आठवडा पट्टी हिरवी आणि फोन मुका. रविवारी आला, ठेवतो म्हणाला आणि ठेवलाही.

सोमवारी साळुबाईनं अंघोळीचं पाणी काढून घेतलं, बादली पुन्हा भरली आणि रॉड पुन्हा टाकला.  आपल्याच घरात आपण चोरी करतोय असं तिला वाटलं. बटण दाबून ती ओसरीवर येऊन पेटीसमोर बसली. हिरवी गेली, पिवळी आली, लाल झाली. फोन तिनं मांडीवर घेतला होता. तो वाजला तेव्हा तिला इतका आनंद झाला की क्षणभर उचलायचंच सुचलं नाही.

या वेळी काय झालं? गोधड्या धुवायला काढल्या होत्या, ती म्हणाली. खोटं नको म्हणून मग खरंच गोधड्या धुतल्या.

असं ते सुरू झालं. दर पाच-सहा दिवसांनी साळुबाईच्या घरात गरम पाण्याचं काहीतरी काम निघू लागलं. तुपाचे डबे निघाले, रॉकेलच्या तेलकट चिमण्या निघाल्या, ट्रंकेतला सोपानचा मफलर निघाला. धुवायचं सगळं संपलं तेव्हा तिनं गायीला अंघोळ घातली. वस्तीवरच्या गायींत गरम पाण्यानं न्हाणारी हिची एकटीच. गायीनं तक्रार केली नाही, डोळे मिटून उभी राहिली. वाफ गेली की उरलेलं पाणी वांग्यांच्या आळ्यात जाई, तेवढंच साळुबाईच्या मनाचं समाधान. पण समाधान कसलं, जन्मभर काटकसरीनं वागलेला जीव तो. रॉड चालू असताना ती मीटरच्या आकड्यांकडं बघायची नाही.

फोनचं मात्र दिवसेंदिवस बिनसत गेलं. जिन्यातलं हसणं एकदाच झालं, पुन्हा नाही. नंतरचे फोन छोटे होत गेले. सुदर्शनचा आवाजही बदलला. तो चिडत नव्हता, चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो दमला होता. एकदा तर चाकणच्या ट्रॅफिकमधून त्यानं फोन केला. मागं ट्रकचे हॉर्न, आणि मध्येच हा.

“आई, ऑफिसात सगळ्यांच्या घरांचे रंग भिंतीवर लावलेत. मी गावोगाव जाऊन सांगतो वीज वाचवा, आणि माझंच घर सगळ्यात खाली. तुला कळत कसं नाही गं?”

खरं काय ते साळुबाईच्या ओठापर्यंत आलं होतं. अरे बाळा, तू बोलतोस म्हणून करते. एवढं एकच वाक्य होतं. पण हॉर्न इतके वाजत होते, आणि त्याचा आवाज इतका थकला होता, की त्याच्यावर हे आणखी एक ओझं कुठं टाकायचं असं तिला झालं. आता न्हाई करत, ती म्हणाली. आणि खरंच तिनं केलं नाही. पट्टी सलग हिरवी राहिली. त्या हिरव्या दिवसांत फोन एकदाही आला नाही, रविवारचासुद्धा नाही. तिनं वाट बघितली आणि मग पुन्हा बादली भरली.

त्यानंतरच्या रविवारी सुदर्शन स्वतःच आला. गाडीचा आवाज ऐकून साळुबाई पदर खोचत बाहेर धावली. काय करू, काय नको. मासवडीला पीठ काढू की वांगी भाजू? शौर्य आणि स्नेहल गाडीत नव्हती, तो एकटाच होता. हातात पिशवी, पिशवीत आणखी एक पेटी, ही काळी.

वांगी विस्तवावर फुटेपर्यंत त्यानं न्हाणीघराच्या बटणाशी ती काळी पेटी बसवलीसुद्धा. मग हात धुऊन तो आईच्या शेजारी ओसरीवर टेकला. दमलेला होता, पण चेहऱ्यावर सुटल्याची कळा होती.

“हे बघ, आता तुला काही लक्षात ठेवायला नको. रॉड जास्त वेळ राहिला की ही पेटी आपोआप तोडते. तुझं वय झालं, विसरतेस, त्यात तुझा काय दोष? मीच उगाच तुला फोन करून करून बोललो. आता नाही बोलणार. तुझ्यामागची माझी कटकट संपली.”

साळुबाई विस्तवावरचं वांगं बघत राहिली. कटकट नव्हती रे, असं तिनं म्हटलं, पण ते इतकं हळू की त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला. चांगला मुलगा होता तो, आईचा त्रास वाचवायला सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब आला होता. भरीत खाऊन, डबा घेऊन तो गेला. गाडी कालव्याच्या वळणाला गेली तरी ती अंगणात उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं रॉड टाकून बघितला. पाणी कोमट झालं न झालं तोच न्हाणीघरात टक्क वाजलं आणि पिवळी पट्टी पुन्हा हिरवी झाली. फोन गप्प. काळी पेटी आपलं काम चोख करत होती. मुलानं केलेली सोयच आईच्या किती जिव्हारी लागते, हे कुठल्या कंपनीला कळायचं?

मग साळुबाईचं लक्षच उडालं. फ्रिजमध्ये ठेवण्यासारखं काही उरेना, टीव्ही लावावासा वाटेना. दूध डेअरीवर घालून आली की ती खांबाला टेकून बसायची, ती गाय हंबरेपर्यंत. एका दुपारी ती अशीच बसली होती. समोर पट्टी हिरवीगार. त्या हिरव्या रंगाचा तिला एकाएकी इतका राग आला, की ती उठली, स्टूल ओढलं, वर चढली आणि मेन स्विच खटकन खाली पाडला.

घरातला फ्रिजचा घुंईं आवाज थांबला. तिला वाटलं, आता बघू. जास्त जळलं की घाबरतो, मग काहीच जळत नाही म्हटल्यावर विचारील की नाही? आई उठली नाही, आई पडली, काहीतरी मनात येईलच. फोन चार्ज होता. तो मांडीवर घेऊन ती बसली. आपण मुलाची परीक्षा बघतोय असं तिला वाटलं आणि लाजही वाटली. पण उठून स्विच वर करावा एवढं बळ अंगात नव्हतं.

ऊन उसाच्या शेंड्यावर गेलं. तिनं अंधुक उजेडात गाय पिळली, पुन्हा येऊन बसली. फोन वाजला नाही. दिवेलागण झाली. कालव्याकडचा दिवा लागला, मळ्यातल्या चांगदेवाचा लागला, उसाच्या पल्याड द्रौपदाचा लागला. साळुबाईच्या अंगणातला खांब तेवढा काळा राहिला.

द्रौपदाच्या दिव्याकडं बघायची साळुबाईला सवय नव्हती. त्यामागं जुनी गोष्ट होती. द्रौपदा आणि तिचा नवरा भागुजी गावातल्या बौद्धवाड्यातून निघून स्वतःच्या रानात घर बांधून राहिले, तेव्हा त्यांना वीज हवी होती. सरळ मार्ग सोपानच्या बांधावरून. सोपाननं एक खांब रोवू दिला नाही. बांध खचेल म्हणाला. बांध हे निमित्त होतं, खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. साळुबाईही बोलली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी लांबून, कालव्याच्या अंगानं त्यांना लाइन मिळाली. तोवर त्या घरात रॉकेलची चिमणी जळली. बांधावर गाठ पडली तर दोघी बाया पाऊसपाण्याचं बोलत. त्यापलीकडं द्रौपदा या अंगणात कधी आली नव्हती, आणि हिनंही कधी बोलावलं नव्हतं.

त्याच उसातल्या वाटेनं आता ताट वाजवल्याचा आवाज येऊ लागला. चमचा ताटावर हाणत कुणीतरी येत होतं, सोबत फोनवर मोठ्यानं लावलेलं गाणं. अंधार पडल्यावर उसातून जायचं तर माणसं असाच गोंगाट करत जातात, म्हणजे जनावर बाजूला होतं. पण अशा वेळी सहसा कुणी बाईमाणूस निघत नाही. बॅटरीचा झोत अंगणात आला.

“साळुबाई, हायसा का घरात?”

आवाज द्रौपदाचा होता. साळुबाई हाय म्हणाली. द्रौपदानं ओसरीच्या कडेला उभं राहून झोत तिच्या पायांवर धरला, मग तोंडावर, मग चट्कन खाली घेतला.

“दिवा दिसंना तुमचा. सगळ्यांचे लागले, तुमचाच न्हाई. म्हनलं पडल्या का काय. ह्यांचं गुडघं धरल्यात, म्हनून मीच आले.”

“येकटी आलीस? उसातनं?”

“मग काय करायचं? जिवाला घोर लागला.”

साळुबाईनं बस म्हटलं. द्रौपदा खाली अंगणात टेकायला लागली, तेव्हा हिनं तिचा हात धरून वर ओसरीवर, आपल्या पोत्यावर घेतलं. मग इतक्या दिवसांचं जे साठलं होतं ते बाहेर पडलं. रडं आवरेना. रॉडचं, गोधड्यांचं, गायीच्या अंघोळीचं, काळ्या पेटीचं, मघाशी पाडलेल्या मेनचं, सगळं तिनं सांगितलं. पोराचा आवाज ऐकायला वीज जाळली, हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. द्रौपदा ऐकत होती. गायीच्या अंघोळीला तिला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं, आणि ते बघून साळुबाईही रडता रडता हसली.

“तुझ्या घराला खांब रोवू दिला न्हाई आमी,” मग साळुबाई म्हणाली. “आन तू आमचा दिवा बघतीस.”

 हातातलं ताट द्रौपदानं मांडीवर उपडं केलं.

“राग लई व्हता तवा. अजून हाय थोडा, खोटं कशाला बोलू. पर अंधारात राहत व्हतो तवा रानातनं परतताना तुमच्याच दिव्यावरनं घराची वाट कळायची. डोळ्याला सवय लागली ती लागलीच.”

साळुबाईनं पदरानं डोळे पुसले. ती खाली मान घालून बसली. तेवढ्यात मांडीवरचा फोन टुण्ण वाजला आणि उजळला.

साळुबाईनं तो झटकन उचलला. आला, सुदर्शनचा आला, बघ मी म्हटलं नव्हतं, विचारीलच तो. चष्मा आत राहिला होता. तिनं फोन द्रौपदाच्या हातात कोंबला. द्रौपदा सातवीपर्यंत शिकलेली. तिनं फोन लांब धरला, एकदा मनात वाचलं, मग साळुबाईकडं बघितलं आणि पुन्हा फोनकडं बघितलं.

“काय म्हनतोय? वाच की.”

“‘शाबास आई. आज आपलं घर पहिलं आलं.’” द्रौपदानं हळू वाचलं. “आन पुढं हिरवं पान काढलंय.”

गोठ्यात कालवडीनं खुंटा हलवला. साळुबाईनं फोन परत घेतला आणि त्या पानाकडं बघत राहिली. चष्म्याशिवाय अक्षरं दिसत नव्हती, पण हिरवा रंग दिसत होता. घरात माणूस असून नसल्यासारखं झालं, तेव्हा कुठं ते घर पहिलं आलं होतं. तिला पोराचा राग आला नाही. तो बिचारा कुठल्यातरी गाडीत बसून, आई शहाणी झाली म्हणून खूश झाला असेल. तिला फक्त फार दमल्यासारखं झालं, अंगातलं सगळं निथळून गेल्यासारखं.

उत्तर काय लिहू, द्रौपदानं विचारलं. काय नको, साळुबाई म्हणाली. फोन तिनं फडताळात ठेवला. मग स्टूल ओढलं. द्रौपदानं बॅटरी धरली, दुसऱ्या हातानं तिची कंबर धरली. साळुबाईनं मेन वर केला. फ्रिज घुमायला लागला, घरात उजेड झाला. खाली उतरून तिनं बाहेरच्या दिव्याचं बटण दाबलं. अंगण, खांब, गोठ्याची कड, बांधावरची वाट, सगळं जिथल्या तिथं दिसू लागलं.

तिनं चहा टाकला. द्रौपदानं नको म्हटलं नाही. ओसरीवर दोघींनी तो बशीत ओतून प्यायला, घरातल्या रोजच्या कपबशीत. आजवर ती कपबशी द्रौपदापुढं कधी आली नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. चहा जास्त गोड झाला होता.

द्रौपदा उठली, तशी साळुबाईनं काठी घेतली. मी सोडते तुला. मग तुमाला सोडायला कोन, द्रौपदानं विचारलं. मग मी येनार तुमाला सोडायला. मग मला कोन? रात्रभर उसातच फेऱ्या घालाव्या लागतील, असं म्हणून ती हसली.

“तुमी हितंच ऱ्हावा. पोचले की दिवा बंद करून परत लावते. तुमी बी लावा, म्हंजी मला कळंल तुमी बघितलं.”

ताट वाजवत ती निघाली. साळुबाई खांबाला हात टेकून उभी राहिली. ऊस वाऱ्यानं सळसळला की तिचा जीव वर-खाली व्हायचा. ताटाचा आवाज लांब गेला, बारीक झाला, मग ऐकू येईना. तिनं पल्याडच्या दिव्यावर डोळे लावले. फडताळात फोन होता, त्याची तिला आठवण झाली नाही.

पल्याडचा दिवा विझला. एका श्वासाएवढा वेळ तिकडं नुसता ऊस आणि अंधार. मग लागला.

साळुबाई ओसरीवर आली. तिनं बटण वर केलं, अंगण काळं झालं. बटण खाली केलं, अंगण पुन्हा होतं तसं झालं. मग तिनं सवयीनं पेटीकडं बघितलं. पट्टी हिरवीच होती. एवढ्याशानं तिचा रंग बदलत नव्हता.